तोडीला भैरव म्हणालेला माणूस

दुपारी तीन वाजता ऑफिसच्या बेसिनवर दात घासणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खांद्यावर पंचा, तोंडात फेस, आणि समोरच्या आरशात स्वतःकडे बघत, नुकतेच अंथरुणातून उठल्यासारखे डोळे मिचकावणं चाललेलं. मी त्या दिवशी रेडिओ स्टेशनवर पहिल्यांदाच कामाला आले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांची रात्रपाळी असेल. तोंड धुऊन, डोक्यावर पाण्याचा हबका मारून, केस ओलेचिंब करून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सुप्रभात."

मी घड्याळाकडे पाहिलं. ते म्हणाले, "घड्याळ बघू नका. उद्या मी गावी चाललोय, परवाचा सकाळचा कार्यक्रम आत्ता रेकॉर्ड करायचाय. दुपारी जेवून आलेल्या तोंडानं सुप्रभात म्हटलं तर लोकांना भाजीचा वास येतो."

मराठीत का बोलले म्हणाल, तर चंदीगडमध्ये मराठी माणूस मराठी माणसाला लांबूनच ओळखतो. माझ्या हातातला स्टीलचा डबा त्यांनी आधी पाहिला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या ह्यांची सरकारी कंपनीतून इथं बदली झाली, आणि घरी बसून भिंतींशी किती बोलणार, म्हणून मी निवेदिकेची परीक्षा दिली. माझं हिंदी अमरावतीचं, त्यामुळे बरं होतं. ते गृहस्थ कऱ्हाडचे. शास्त्रीय संगीताचा रोजचा सकाळचा कार्यक्रम ते कित्येक वर्षं करत होते. स्टेशनवर सगळे त्यांना पंडितजी म्हणत. मराठी मंडळात ते सगळ्यांचे काका होते, म्हणून मीही काका म्हणू लागले.

तर त्या दिवशी काकांनी स्टुडिओतले दिवे मंद करायला लावले, पडदा ओढायला लावला, वर आणखी गरम चहा मागवला. काचेपलीकडे आमचे सरदारजी इंजिनिअर बसले होते. काकांनी माइकवरून विचारलं, "सो के उठे हो ना, सरदारजी?"

"पंडितजी, मैं तां राजमा-चावल खा के आया हूँ."

"तो डकार मत देना. लोगों की सुबह ख़राब होगी."

आणि मग डोळे मिटून त्यांनी असं काही "सुप्रभात" म्हटलं, की मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी मला खरोखर पहाटेचा गारवा लागला. आता तो गारवा कूलरचा होता असं सरदारजी अजून म्हणतात.

सगळं या वेळेपायी होतं. कोणता राग कोणत्या वेळी हे आपल्याकडे ठरलेलं आहे. ऐकणारे ते मानतात, न मानणारे सोडून देतात. काका ते जगत होते. त्यांच्या घरी दारावरची बेल पक्ष्यांच्या किलबिलाटाची होती, त्या काळात सगळ्यांच्याच होत्या. पण दिवस मावळला की काका तिची वायर काढून ठेवत, कारण रात्री पक्षी किलबिलत नाहीत. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यानं दार वाजवावं. एकदा गॅसचा माणूस बेल दाबदाबून निघून गेला आणि काकूंनी दोन दिवस शेजारणीच्या शेगडीवर स्वयंपाक केला. काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं, मुलाला गाण्याची आवड आहे. गाण्याला मुलाची एवढी आवड आहे हे कुणी सांगितलं नाही."

मी काही दिवस त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी येत असे. आमचं घर सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका संशोधन संस्थेच्या अलीकडे होतं, आणि चंदीगडमध्ये कुठूनही कुठंही जायचं तर वाटेत गोल चौक लागणारच. काकांच्या डोक्यात सतत काहीतरी ताल चाललेला असे. चौकात शिरताना तो सुरू असला, तर समेवर आल्याशिवाय ते चौकातून बाहेर पडत नसत. आवर्तन लांबलचक असलं की आम्ही गोल गोल फिरत राहायचो. मी मागे डबा सांभाळत बसलेली, काका मान डोलावत, आणि बाजूनं ट्रक भोंगे वाजवत चाललेले. एकदा वाहतुकीच्या हवालदारानं शेवटी शिट्टी मारून थांबवलंच.

"ओ पंडितजी, कित्थे जाणा ए?"

"एकोणचाळीस... वो, उनतालीस सेक्टर."

"ते फेर निकलदे क्यों नहीं? मेला लग्गा ए एत्थे?"

काका दुखावल्या आवाजात म्हणाले, "निकल ही रहा था जी. तुमने तिहाई में टोक दिया." आणि स्कूटर सुरू करून पुन्हा एक फेरी घेतली, कारण तिहाई, म्हणजे समेवर आणून सोडणारा तीनदा घ्यायचा तुकडा, अर्धी सोडणं बरं नव्हे. हवालदारानं हात जोडले. पुढे तो काका दिसले की बाकीची वाहनं अडवून धरायचा, असं काका सांगत. काकू म्हणत, तो ओळखीच्या वेड्याला वाट देत होता.

माइकवर काका कधी खोटं बोलले नाहीत, आणि हीच सगळ्यांची डोकेदुखी होती. "आशा है आपको पसंद आया होगा" हे वाक्य आम्ही सगळे दिवसातून पन्नासदा म्हणायचो. काका कधीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं, मला काय ठाऊक त्यांना आवडलं का? त्याऐवजी ते म्हणत, "मुझे तो अच्छा लगा. आपका आप जानें." आणि एखाद्या वजनदार गवयाचं कंटाळवाणं गाणं वरून सांगून लावायला लागलं, तर शेवटी शांतपणे, "बजाना था, बजा दिया." त्याबद्दल त्यांना मेमो आला. मेमोला त्यांनी उत्तर दिलं की गवयाची माफी मागायला तयार आहे, वाक्याची नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, एवढं काय त्यात? लोकांना तोंडदेखलं म्हणायचं."

"अगं पोरी, रेडिओवर तोंड दिसतच नाही. मग तोंडदेखलं बोलायचं कुणासाठी?"



एकदा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाचा निवेदक आजारी पडला आणि बाजारभाव वाचायला काकांना बसवलं. काकांनी बटाट्याचा भाव विलंबित लयीत घेतला. एकेक मंडी, मग एक श्वास, मग पुढची मंडी. कांद्यापर्यंत पोहोचेस्तोवर बातम्यांची वेळ झाली आणि जवळच्याच खरड गावच्या मंडीचे भाव राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी खरडहून दोन आडते तक्रार घेऊन आले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि समोर बसवून राहिलेले भाव वाचून दाखवले, तेही तेवढ्याच सावकाश. आडते जाताना सरदारजींना म्हणाले, बंदा ठीक नहीं, पर आवाज बड़ी वधिया ए.

मग दिवस पालटले. गल्लीगल्लीत केबल आली होती, प्रत्येकाच्या कमरेला मोबाइल लटकू लागला होता, आणि आता खासगी एफएम येणार अशी हाकाटी सुरू झाली. आमच्याकडे नव्या स्टेशन-प्रमुख मॅडम आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या, जालंधरच्या, हसऱ्या. पण त्यांना वरून सारखी विचारणा व्हायची. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. मीही होते.

"पंडितजी, फ़िल्मी गीतों वाले प्रोग्राम में फ़ोन की लाइन लगी रहती है. आपके प्रोग्राम में आज तक एक फ़ोन नहीं आया. कोई सुनता भी है?"

"सुनते हैं."

"तो फ़ोन क्यों नहीं करते?"

"कैसे करेंगे, मॅडम? हाथ ताल देने में लगे रहते हैं."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. महिनाअखेरपर्यंत कुणीतरी ऐकतंय असं दिसलं नाही, तर सकाळची ती वेळ फर्माइशीच्या गाण्यांना द्यावी लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं. "मेरे हाथ में नहीं है जी. कुछ तो दिखाओ."

काका बाहेर आले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला म्हणाले, "लोक खरंच ऐकत नसतील का गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी आपलं तोंडदेखलं म्हणून टाकलं, "ऐकतात हो काका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

तोडगा काढला तो काकूंनी. रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. काकू पोहे परतता परतता म्हणाल्या, "अहो, तुमच्या या गाणंवेड्यांना चांगलं म्हणायला फोन उचलवत नाही. पण चूक सापडली तर? परवा मंडळात त्या बाईंनी साध्या भजनाला चुकीचा राग सांगितला, तर तुम्ही ताटावरून उठून गेलात, हात खरकटा. तुमच्यासारखा माणूस तिरडीवरून उठून चूक दुरुस्त करील. चुका एकदा. राग चुकीचा सांगा. बघा फोन येतात की नाही."

काकांच्या हातातला पेपर खाली पडला. "माइकवर? खोटं?"

"कार्यक्रम वाचवायचाय ना?"

दोन तास वाद चालला. शेवटी काका एवढ्यावर आले, की वाजेल ते तरी वेळेचं वाजलं पाहिजे, नाव काय ते चुकेल. मग कोणतं नाव? काकू सुचवतील त्यात काकांना काहीतरी खोट दिसे. एका नावाला ते म्हणाले, "छे, यात फरक बारीक आहे, लोकांना वाटेल माझी समजच कच्ची." अखेर ठरलं, की तोडी लावायची आणि तिला भैरव म्हणायचं. ज्यांना या दोन्हींची ओळख नाही त्यांना सांगते, हे म्हणजे पिठलं वाढून त्याला श्रीखंड म्हणण्यासारखं आहे. आजवर कोणी शुद्धीवर असताना ही चूक केलेली नाही.

ठरलं खरं, पण काकांची जीभ वळेना. "राग" म्हणेपर्यंत ठीक, पुढे तोंडातून "तोडी"च येई. काकू गणिताच्या बाई, त्यांनी सोप्यापासून सुरुवात केली. त्यांनी वाटी उचलली.

"हे काय आहे?"

"वाटी."

"पळी म्हणा."

"वाटीला पळी कसं म्हणू?"

"म्हणा म्हणते ना!"

"प... वाटी."

अर्ध्या तासात काका घामाघूम झाले, पण वाटीची पळी झाली. मग काकूंनी स्वतःकडे बोट दाखवलं, "मी कोण?" काकांनी डोळे मिटले आणि धीर करून म्हणाले, "शेजारीण." काकू एवढ्या हसल्या की शेगडीवरचा चहा उतू गेला.

मंगळवारी सकाळी मी ड्यूटीवर होते. काका माइकसमोर बसले, पाणी प्यायले, आणखी पाणी प्यायले. लाल दिवा लागला. "अब सुनिए, राग..." आणि थांबले. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. काचेपलीकडे सरदारजी दोन्ही हात हलवायला लागले. काकांनी आपले दोन्ही कान चिमटीत धरले, देवापुढे धरतात तसे, आणि बोलून टाकलं, "राग भैरव." तोडी सुरू झाली. सरदारजींना आमचा बेत माहीत नव्हता. ते आयुष्यभर ढोलकीपलीकडे न गेलेले गृहस्थ, पण इतकी वर्षं काकांसमोर बसून त्यांनाही कळलं. ते काचेला नाक लावून बघत राहिले.

काका बाहेर आले आणि आम्ही फोनजवळ जाऊन बसलो. मी, काका, मागून सरदारजी, आणि मॅडमसुद्धा सहज आल्यासारखं दाखवून आल्या. फोन गप्प. तोडी संपली. फोन गप्प. काका एकटक त्याच्याकडे बघत होते. मग तो वाजला आणि काकांनी झडप घातली. कुणीतरी विचारत होतं, फर्माइशीचा कार्यक्रम कितीला लागतो. काकांनी त्याला नीट वेळ सांगितली, धन्यवाद म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. दुसरा फोन आलाच नाही.

त्या दिवशी परतताना काका चौकातून सरळ बाहेर पडले. एकही फेरी नाही. मला रडू फुटलं.

पुढचे दिवस काका यायचे, राग सांगायचे, जायचे. "मुझे तो अच्छा लगा" हेही बंद केलं. मॅडमकडे जाऊन ते स्वतःच म्हणाले, "दे दीजिए वह टाइम. आप सही थीं." मॅडमना ते जड गेलं असावं. त्या म्हणाल्या, महीना तो पूरा होने दो. काकू कुणाशी बोलेनात. बेलची वायर संध्याकाळी तशीच राहू लागली, आणि रात्री आठ वाजता पक्षी किलबिलायचे.

आठवडा उलटल्यावर मला एक फोन आला. इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत नाक-कान-घशाचे एक मराठी डॉक्टर होते, लातूरकडचे. मंडळात गणपतीला त्यांची आमची ओळख. ते वैतागून बोलत होते.

"वहिनी, तुमच्या रेडिओत काही बिघाड झालाय का हो? काका फोनच उचलेनात."

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणजे! आत्ता माझ्यापुढे एक रिटायर्ड कर्नल बसलाय. म्हणतो, डॉक्टर, माझे कान गेले, मला भैरव तोडीसारखा ऐकू येतो. परवा एक प्रोफेसरबाई हेच सांगून गेल्या. त्याच्या आधी खरडचे एक मास्तर, त्यांनी तर घरी गरम तेल ओतून कानाचं पार भजं केलंय. सगळ्यांच्या तपासण्या केल्या, कान ठणठणीत! मी कर्नलना म्हटलं, रेडिओवाला चुकला असेल. तर माझ्यावर खेकसला, 'पंडितजी? ग़लत? इम्पॉसिबल! मेरे कान का इलाज करो!'"

मग मी तशीच चपला घालून काकांच्या घरी धावले.

काका ऐकत राहिले. काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या देव जाणे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच ते दचकून उठले. "अरे देवा! तेल ओतलं म्हणालीस? गरम? माझ्यापायी?" त्यांना आनंद करायला सवडच झाली नाही. लोकांचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास आपण घालवला, हे एकच त्यांच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते मॅडमच्या दारात हजर. मॅडम सगळं ऐकून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पर पंडितजी, ऊपर क्या लिखूँ? कि हमारे श्रोता ईएनटी में भर्ती हैं?"

"वह आप देखिए. मैं तो माफ़ी माँगूँगा. माइक पर."

"मेमो आएगा."

"आने दीजिए."

साडेआठला लाल दिवा लागला. या वेळी काका थांबले नाहीत. "सुप्रभात. पिछले हफ़्ते मंगल को मैंने आपको तोडी सुनाई और भैरव बताया. ग़लती नहीं थी, जान-बूझकर झूठ बोला. मुझे लगा था, कोई नहीं सुनता. आपके कान बिल्कुल ठीक हैं. जो डॉक्टर के पास गए, वे घर लौट जाएँ. जिन्होंने तेल डाला, उनसे हाथ जोड़कर माफ़ी. अब सुनिए राग तोडी. यह तोडी ही है."

ते बाहेर यायच्या आतच फोन खणखणला. मी उचलला तर पलीकडून बंदुकीसारखा आवाज, "बुलाओ उस पंडित को!" मी रिसीव्हर काकांच्या हातात दिला. कर्नलसाहेबांचा शब्द न् शब्द आम्हाला दारात ऐकू येत होता. काका ताठ उभे राहून, "हाँ जी. गधा हूँ जी. बिल्कुल जी," म्हणत होते. तो ठेवेपर्यंत शेजारच्या टेबलावरचा वाजायला लागला. तो प्रोफेसरबाईंचा. मग खरडच्या मास्तरांचा, ते एसटीडी बूथवरून बोलत होते आणि दुखऱ्या कानामुळे फारच ओरडत होते. मग ज्यांचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं असे कुठले कुठले लोक, कुणी पंजाबीत, कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत, सगळे काकांना झोडपत होते. मॅडम दाराशी आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि सरदारजींना म्हणाल्या, "फ़र्माइश वाले अपना कोई और टाइम ढूँढ लें."

काकांना ते ऐकूही गेलं नाही. त्यांच्या एका कानाला एक रिसीव्हर होता, दुसऱ्या हातात दुसरा, आणि दोन्हींतून शिव्या येत होत्या. त्यांनी दोन्ही रिसीव्हर छातीशी धरले आणि माझ्याकडे वळून, हसत की रडत कोण जाणे, म्हणाले, "अगं पोरी, ऐकत होते गं! सगळे ऐकत होते!"